तोंडाने ओढलेलं डिझेल

डिझेलची चव ज्याला ठाऊक नाही त्याने स्वतःला ट्रॅक्टरवाला म्हणवून घेऊ नये, असं माझे बाबा म्हणायचे. पेट्रोल जिभेला झोंबतं आणि उडून जातं. डिझेल मुक्कामाला येतं. गूळ खा, बडीशेप चघळा, तंबाखूची चिमूट दाढेखाली धरा, दुपारच्या भाकरीपर्यंत ढेकर डिझेलचीच येते. बाबांच्या तोंडाचा हा वास मी पाळण्यात असल्यापासून ओळखते. गावातल्या इतर बापांच्या तोंडाला संध्याकाळी जो वास यायचा त्यापेक्षा हा कितीतरी बरा, असं मायचं मत होतं, आणि ते ती चारचौघींत बोलूनही दाखवायची.

आमचं गाव अर्धापूरपासून जवळच. केळी आणि हळद ही दोन पिकं, बाकी सगळं तोंडी लावायला. ट्रॅक्टर आजोबांनी धर्माबादच्या एका व्यापाऱ्याकडून जुनाच आणलेला. परदेशी होता. ज्या कारखान्यात तो बनला तो कारखाना तर कधीच बंद पडला होता. मूळ रंग लाल की निळा यावर घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. नांगरटीला गावात नवे ट्रॅक्टर होते, मोठ्याने गाणी लावून फिरणारे. आमच्या म्हाताऱ्याकडे वर्षातून एकदाचं एकच काम उरलं होतं, हळदीचा ढोल फिरवायचं. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ढोलात भरायची, ढोल ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याला जोडायचा आणि फिरवत बसायचं. हळकुंडं एकमेकांवर घासून साल निघते आणि हळदीला तेज येतं. उन्हाळाभर गावातले लोक आपापली हळद घेऊन आमच्या खळ्यावर यायचे आणि बाबा त्या पिवळ्या धुळीत राजासारखे बसलेले असायचे.

मी नांदेडला एका कचेरीत नोकरी करते. तिथे माझ्याबरोबरच्या बायकांना मी सांगितलं की मला डिझेल इंजिनाची एअर काढता येते, तर त्या हसल्या. हसण्यासारखं त्यात काही नाही. वर टाकी असते, टाकीला खाली कॉक, कॉकाखाली काचेची वाटी. त्या वाटीत पाणी आणि गाळ बसतो. तिथून डिझेल फिल्टरला जातं, फिल्टरमधून पंपाला, आणि पंप ते बारीक लोखंडी नळ्यांतून जोराने नोझलला ढकलतो. नोझल त्याचा फवारा करून इंजिनात मारतं. सगळा संसार एवढाच. पण या वाटेत हवेचा एक बुडबुडा शिरला की इंजिन बसतं, मग तुम्ही देव पाण्यात घाला नाहीतर शिव्या द्या. नट ढिला करायचा, फेस येऊ द्यायचा, फेस संपून सलग धार लागली की नट आवळायचा. हे मला बाबांनी शिकवलं, कारण पाना धरायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

टाकी वर असली की डिझेल आपसूक खाली येतं. आमची टाकी आतून गंजली. गंजाचे पापुद्रे सुटून कॉकात अडकायला लागले, आणि भर कामात ढोल थांबला की हळद आणलेला माणूस बाबांकडे बघायचा. बाबांना ते बघणं सहन होत नसे. त्यांनी टाकीला रामराम ठोकला. खाली, पाय ठेवायच्या पत्र्यापाशी, एक प्लास्टिकचा कॅन तारेने आवळून बांधला आणि त्यात नळी सोडली. आता कॅन खाली आणि पंप वर. एकदा इंजिन चालू झालं की ते आपल्या ताकदीने डिझेल ओढून घेतं, पण सकाळचा पहिला घोट कोणीतरी वर चढवून द्यावा लागतो. त्यासाठी अंगठ्याने दाबायचा एक छोटा पंप इंजिनालाच असतो. आमच्या पंपाचं रबर फाटलेलं होतं. ते कुठेच मिळत नाही, असं बाबा म्हणायचे. मी एका लग्नाला लातूरला गेले होते तेव्हा मीच तिथल्या जुन्या पार्टांच्या दुकानात विचारलं. दुकानदाराने ट्रॅक्टरचं वर्णन नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, ते अजून जित्तं हाय?"

तेव्हा रोज सकाळी बाबा नळी तोंडात धरून डिझेल ओढायचे. यात त्यांना किंवा आणखी कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. आमच्याकडे मोटरसायकलमधून काढायचं पेट्रोल, पिंपातून काढायचं डिझेल, सगळं तोंडानेच ओढतात. गावातल्या प्रत्येक पुरुषाने कधी ना कधी घोट गिळलेला आहे आणि त्याची चेष्टा करून घेतलेली आहे. बाबांचं त्यात कसब होतं. जीभ टाळूला लावायची, घसा बंद ठेवायचा, गालांनी ओढायचं, छातीने ओढायचं नाही. दातांना गार लागलं की नळी काढून जागेवर बसवायची आणि तोंडातलं थुंकायचं. माय चूळ भरायला तांब्या घेऊन उभी असायची.

"तोंड हाय का पंप हाय," ती म्हणायची.

"पंपच हाय. तूच दाबतीस रोज," बाबा म्हणायचे. सकाळी सकाळी माझ्यासमोर! मी तिथून निघून जायची.

मायबद्दल आता सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. गावात तिचा एक मान होता. तो मान तिला जेवणावळीमुळे किंवा भजनामुळे मिळाला नव्हता. आमच्याकडे 'औषध घेतलं' म्हटलं की कोणालाही सर्दीचं औषध आठवत नाही. फवारणीची बाटली घराघरात असते, आणि घराघरात एखाद्या दिवशी कोणाचं तरी डोकं फिरतं. तसं झालं की गाडी मिळेपर्यंत लोक माझ्या मायकडे पळत यायचे. ती मुठीने मीठ घ्यायची, कोमट पाण्यात कालवायची, माणसाला गुडघ्यांत दाबून धरायची आणि तांबेच्या तांबे पाजायची. त्यानेही जमलं नाही तर स्वतःच्या वेणीचं टोक त्याच्या घशात घालायची. केस घशाला लागले की कितीही हट्टी माणूस ओकतो. गावात हिंडताफिरताना मला अजून काही माणसं भेटतात, जी मायच्या मिठाच्या पाण्यामुळे जिवंत आहेत असं सगळं गाव मानतं. त्यातल्या एका बाईने आपल्या सुनेला पहिल्यांदा माहेरहून आणलं तेव्हा आधी मायच्या पाया पडायला आणलं, मग देवळात नेलं.

मी हे कौतुकाने सांगते आहे. पुढचं वाचून कोणी मायला अडाणी म्हणू नये. ज्या हातांनी तिने माणसं ओढून आणली त्याच हातांनी ती त्या सकाळी धावली.

तो हंगाम संपत आला होता. सुट्टी काढून मी घरी आले होते. खळ्यावर कोणाची तरी हळद येऊन पडली होती, आदल्या दिवशीचा ढोल उघडाच होता, आणि वारं असं सुटलं होतं की धूळ डोळ्यांत, नाकात, चहात, सगळीकडे. बाबांनी नळी तोंडात धरली. गाल आत गेले. तेवढ्यात त्यांना खोकला आला.

झालं ते एवढंच. खोकला आला आणि घसा उघडला. घोट किती गेला कोण जाणे. ते वाकले, खोकत राहिले, डोळ्यांतून पाणी आलं, मग खाली बसले. चेहरा लाल झाला होता, पण ते हसतच होते. हळद घेऊन आलेला माणूसही हसला. "मालक, आज टाकी फुल केली का," असं काहीतरी तो म्हणाला. मीही हसले. चेष्टा करण्यासारखीच गोष्ट होती.

माय हसली नाही. ती चुलीपासून मीठ घेऊनच आली.

"अगं, काई झालं न्हाई. जराकसं गेलंय," बाबा म्हणाले.

"गप बसा. मेलेल्यायनंबी असंच म्हन्लं व्हतं," माय म्हणाली.

त्यांनी दोन तांबे स्वतःच प्यायले, तिला बरं वाटावं म्हणून. काही झालं नाही. मग तिने त्यांचं डोकं काखेत धरलं आणि वेणी पुढे घेतली. बाबा मोठे, धिप्पाड, पण त्या वेळी त्यांनी जराही विरोध केला नाही. उलटी झाली. तिच्यात डिझेलचा तवंग दिसत होता, मातीवर इंद्रधनुष्याचे रंग पसरले. बाबा ओकता ओकता खोकत होते आणि खोकता खोकता श्वास घेत होते. मायने आणखी एकदा पाजलं, आणखी एकदा काढलं. पाणी नितळ येईपर्यंत काढायचं, असा तिचा नेम होता. शेवटी पाणी नितळ आलं. जमलेल्या लोकांनी सुस्कारा सोडला. "काकू व्हत्या म्हनून," कोणीतरी म्हणालं. मायने बाबांचं तोंड पदराने पुसलं आणि मला म्हणाली, "दह्याची वाटी आन."

मलासुद्धा तिचा अभिमान वाटला. हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

दुपारी बाबा लिंबाखाली खाटेवर पडले होते. जेवण नको म्हणाले. त्यांच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. संध्याकाळी अंग तापलं. माय म्हणाली, ओकून ओकून थकलेत, उद्या बरं वाटेल. सकाळी त्यांना बसल्याशिवाय श्वास घेता येईना, ओठ काळसर दिसायला लागले. शेजारच्या घरची जीप काढली आणि आम्ही नांदेड गाठलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते माझा दंड घट्ट धरत होते. माय पुढच्या सीटवर बसून ड्रायव्हरला सांगत होती, "सगळं पोटातलं काढलंय म्या, कायबी ठेवलं न्हाई. लवकर चल."

दवाखान्यात बाबांना मास्क लावला, छातीचा फोटो काढला. डॉक्टर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. त्या खाटेपाशी आल्या तेव्हा माय खाली नळावर तांब्या भरायला गेली होती. मी सगळं सांगितलं. डिझेल गिळलं, लगेच उलटी करवली.

"उलटी कोणी करवली?" त्यांनी विचारलं.

"आईनं. मिठाच्या पाण्यानं."

त्या काही क्षण फोटोकडे बघत राहिल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "डिझेलला उलटी करवायची नसते. पोटात गेलेलं बहुतेक पोटातूनच निघून जातं. उलटी केली की वर येताना ते छातीत शिरतं. फुप्फुसं भाजल्यासारखी होतात." माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "थोडं आधीच गेलं असेल, खोकला आला तेव्हा. ते सांगता येत नाही. पण आता पुढचं बघू."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या त्या शांतपणाची मला आजही चीड येते, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती हेही कळतं.

त्या गेल्या. मी वळून पाहिलं तर बाबा जागे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी हात वर करून मास्क बाजूला सारला. मी तो परत बसवायला गेले तर माझं मनगट धरलं. एकेक शब्दाला श्वास गोळा करत म्हणाले, "तुह्या मायला सांगू नको."

एवढंच. मग मास्क लावून घेतला आणि डोळे मिटले. माय भरलेला तांब्या घेऊन आली आणि तिने विचारलं, "काय म्हन्ली डाक्टरीन?" मी म्हणाले, छातीत सूज आहे, औषधं चालू आहेत.

त्या क्षणापासून माझ्या आयुष्यात एकच काम महत्त्वाचं झालं. हे मायच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. डॉक्टर येण्याच्या वेळी मी मायला काही ना काही कामाला खाली पाठवायची. भेटायला येणाऱ्या प्रत्येक शिकल्यासवरल्या नातेवाईकाला जिन्यातच गाठायची. नर्सबाईंच्या हातापाया पडले. बाबांना श्वासाच्या मशीनवर घेतलं तेव्हाही रडण्याआधी मी हे पाहिलं की माय कुठे उभी आहे आणि तिला काय ऐकू येतंय.

बाबा गेले. त्यांना गावी आणलं तेव्हा खळ्यावर हळदीचा ढोल तसाच उघडा होता.

दहावा-तेरावा झाला, लोक पांगले, आणि मायने आपला राग कोणावर काढायचा ते ठरवलं. तिने ट्रॅक्टरला धरलं. उठता बसता ती त्याला शिव्या द्यायची. त्याच्या बनवणाऱ्याला, आणणाऱ्याला, त्या कॅनला, त्या नळीला. आजोबांनासुद्धा तिने सोडलं नाही, आणि सासऱ्याबद्दल मायने वेडावाकडा शब्द काढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "ह्या मुडद्यानं खाल्लं त्यायला," ती म्हणायची. मी मान हलवायची. मला वाटायचं, दे बाई शिव्या. लोखंडाला काय लागतंय.

पण एक गोष्ट माझ्या गळ्याशी आली होती. मायचं मिठाचं पाणी थांबलं नव्हतं. उलट बाबांच्या जाण्यानंतर ती जास्तच तत्पर झाली होती. कोणाला काही झालं की धावत जायची. मी नांदेडहून फोन करायची आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणायची, आता वय झालं, हे सोड, लोकांना थेट दवाखान्यात जाऊ दे. ती म्हणायची, "तवर मानूस मरतंय." मी आडून सांगून पाहिलं, की टीव्हीवर दाखवत होते, काही काही विषांना उलटी चालत नाही. तिने विचारलं, "कोनत्या?" मी विषय बदलला. डिझेल हा शब्द माझ्या तोंडून निघाला असता तर तिने पुढचं सगळं त्याच दमात ओळखलं असतं. माय अडाणी नाही, हे मी आधीच सांगितलंय. हिशोब जुळवायला तिला वेळ लागत नाही.

रोज कचेरीत बसून मी एकच प्रार्थना करायची. आमच्या गावात कोणी डिझेल, पेट्रोल, असलं काही पिऊ नये. देवाकडे असं मागणं मागणारी मी एकटीच असेन.

देवाने ते मागणं फार दिवस ऐकलं नाही. दसऱ्याला मी घरी होते. भर दुपारी समोरच्या आळीतून आरडाओरडा करत बायका आल्या. पुढे एक म्हातारी, तिच्या कडेवर तिची नात, बोलायलाही नीट न येणारी पोर. घरात विहिरीवरच्या पंपासाठी आणलेलं डिझेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलं होतं. पोरीने बाटली तोंडाला लावली होती. पोर रडत होती, खोकत होती, आणि तिच्या फ्रॉकला तोच वास होता.

माय ओसरीवरून उठली. मिठाचा डबा तिच्या हातात आलाही होता.

"माय, थांब," मी म्हणाले. ती थांबली नाही. तिने मूठ भरली, तांब्यात टाकली. मी जाऊन तिचं मनगट धरलं. "उलटी काढायची नाही हिला."

"सोड," माय म्हणाली.

"काकूला करू दे की गं!" म्हातारी माझ्या अंगावर ओरडली. "तू कोन मधी बोलनारी? पोर मरंल मही!"

बायका मला ओढायला लागल्या. मायने दुसऱ्या हाताने तांब्या घेतला. पोर माझ्यासमोर होती, तिच्या नाकातून पाणी वाहत होतं, आणि मला ती मातीवर पसरलेली रंगीत उलटी आठवली. मग मी ओरडले. इतक्या जोरात मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते.

"डिझेलला उलटी करायची नसते! उलटीनं ते छातीत जातं! छाती भाजून माणूस मरतो! हिला काही पाजू नका, असंच उचला आणि दवाखान्यात न्या!"

सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग, एकेक करून, मायकडे. बाबांची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ज्या बायकांनी त्या दिवशी 'काकू व्हत्या म्हनून' म्हटलं होतं त्यातल्या निम्म्या तिथेच उभ्या होत्या.

मायने तांब्या खाली ठेवला. "घेऊन जा तिला," ती म्हाताऱ्या बाईला म्हणाली. "ही म्हनते तसं करा."

पोरीच्या बापाने मोटरसायकल काढली, आईने तिला मांडीवर घेतलं आणि ते अर्धापूरला गेले. तासाभराने फोन आला. पोर बरी होती. एक रात्र ठेवून घेणार होते, पण डॉक्टर म्हणाले होते, उलटी करवली नाहीत हे चांगलं केलंत. म्हातारी स्वतः सांगायला आली, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मायसमोर ती फार वेळ थांबली नाही.

माय ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. मी चहा करून आणला, तो तिने घेतला. अर्धा प्यायली.

"हे तुला कवा कळलं?" तिने विचारलं.

"नांदेडला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

"त्ये असताना?"

"हाव."

तिने कप बाजूला ठेवला. मी घाईघाईने म्हणाले, "थोडं आधीच छातीत गेलं होतं माय, खोकला आला तेव्हाच. डॉक्टरच म्हणाल्या." तिने हाताने मला थांबवलं. त्याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"त्यायला कळलं व्हतं?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. इतके महिने मी तेच करत होते, मला त्याची सवय झाली होती. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती आणि मला खोटं सुचेना.

"हाव," मी म्हणाले.

"काय म्हन्ले?"

हे सांगताना मला, खरं सांगते, थोडं हलकं वाटलं. वाटलं, एवढ्या सगळ्यात हे एकच असं आहे जे ऐकून तिला बरं वाटेल. मरता मरतासुद्धा त्यांना तिचीच काळजी होती, हे तिला कळेल. "तुह्या मायला सांगू नको, म्हणाले."

माय रडली नाही.

"तुला म्हन्ले," ती म्हणाली.

"माय, तेवढंच बोलले. नंतर कोणाशीच बोलले नाहीत."

"मह्याशी येक शब्द बोलले न्हाईत. दवाखान्यात नेल्यापसून शेवटपर्यंत. मी समजले, दम लागून राहिलाय, उगं कशाला बोलवावं." ती थांबली. "चमच्यानं पानी पाजाया गेले तर तोंड फिरवलं त्यायनं. दोनदा. मला वाटलं, गिळना झालंय."

"गिळवतच नव्हतं त्यांना," मी म्हणाले.

"तुला काय ठाव," माय म्हणाली. "तू तवा औषधं आनाया खाली गेल्ती."